अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेत 'कल्चर' कितपत उपयोगी?

सुजलेले अपेंडिक्स, म्हणजेच आंत्रपुच्छ, काढताना पोटात साचलेला द्रव दिसला की त्याचा नमुना 'कल्चर'साठी प्रयोगशाळेत पाठवायचा, ही पद्धत अनेक शल्यचिकित्सकांनी वर्षानुवर्षे पाळली. त्याने रुग्णाच्या बिलात भर पडते. उपचारात फरक पडतो का, याचे उत्तर मात्र अपेंडिक्स फुटले होते की नाही, यावर अवलंबून आहे.

अपेंडिक्स फुटलेले नसेल, तर फरक सहसा पडत नाही. नमुन्यातील जिवाणू वाढवून ओळखणे व त्यांच्यावर कोणते प्रतिजैविक लागू पडते हे ठरविणे, यास साधारणतः दोन-तीन दिवस लागतात; प्राणवायूविना वाढणाऱ्या जिवाणूंना त्याहून अधिक. प्रतिजैविक मात्र चीर देण्यापूर्वीच दिलेले असते आणि रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो. अहवाल हाती येतो तेव्हा उपचार संपलेले असतात. शिवाय त्यात आढळणारे जिवाणू बव्हंशी अपेक्षितच असतात. ई. कोलाय आणि बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस हे आतड्यातील नेहमीचे रहिवासी, आणि सुरुवातीचे औषध त्यांनाच गृहीत धरून निवडलेले असते.

फुटलेल्या अपेंडिक्सची गोष्ट वेगळी. येथे पू उदरपोकळीत पसरतो, प्रतिजैविके काही दिवस चालू राहतात आणि नंतर आत गळू होण्याची भीती असते. औषधाला जिवाणू दाद देत नसेल, तर ते वेळीच कळणे रुग्णाच्या हिताचे ठरते. अमेरिकेतील संसर्गरोग व शल्यसंसर्ग तज्ज्ञांच्या संस्थांनी २०१० साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत कमी धोक्याच्या रुग्णांसाठी कल्चर ऐच्छिक मानले. मात्र एखाद्या भागातील नेहमीच्या जिवाणूंपैकी १० ते २० टक्के जिवाणू प्रचलित औषधाला जुमानत नसतील, तर फुटलेल्या अपेंडिक्समध्ये ही तपासणी नियमाने करावी, असेही त्यांनी म्हटले.

ही अट भारतीय वाचकांनी दुर्लक्षू नये. आपल्याकडे ई. कोलायमधील प्रतिरोध मोठा आहे. सेफॅलोस्पोरिन गटातील तिसऱ्या पिढीची औषधे निकामी करणारे प्रकार सर्रास आढळतात. त्यामुळे 'अहवालाने काही बदलत नाही' हा पाश्चात्त्य रुग्णालयांतील अनुभव येथे जसाच्या तसा लावणे धोक्याचे. एका रुग्णास निरुपयोगी ठरलेला अहवालही इतर अहवालांसोबत नोंदला गेला, तर पुढच्या रुग्णासाठी पहिले औषध कोणते निवडावे हे रुग्णालयास त्यातून कळते. अर्थात, ती नोंद कोणी ठेवली तर!

वृद्ध, मधुमेही, प्रतिकारशक्ती क्षीण झालेले किंवा नुकतीच प्रतिजैविके घेतलेले रुग्ण यांच्या बाबतीत कल्चर करण्याकडेच कल असावा. नमुना घेण्याची रीतही महत्त्वाची आहे. कापसाच्या बोळ्यावर टिपलेल्या थेंबात प्राणवायूविना जगणारे जिवाणू टिकत नाहीत. पुरेसा द्रव सिरिंजने ओढून, आतील हवा काढून तो विनाविलंब प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. रुग्ण घरी गेल्यानंतर आलेला अहवाल फेरतपासणीच्या वेळी डॉक्टरांना आवर्जून दाखवावा. ताप वा पोटदुखी पुन्हा सुरू झाली असल्यास तर तेवढीही वाट पाहू नये.