आजी, त्या दिवशी भाकरी कोणी थापली?

मित्रांनो, आपला इतिहास कुणी लिहिला नाही अशी ओरड आपण फार केली. पण आपण तरी तो विचारला का? आणि विचारला तर कसा?

मी कसा विचारला ते आधी सांगतो. मिरारोडच्या बेव्हर्ली पार्कात एक आजी लेकाकडं राहतात. मूळच्या नाशिक जिल्ह्यातल्या. ६ डिसेंबर १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षानं भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू केला. पडीक सरकारी जमीन कसणाराला द्या, ही मागणी. लाखावर माणसं तुरुंगात गेली. कडेवर पोरं घेऊन बायाही गेल्या. त्यातल्या ह्या आजी.

वही आणि मोबाईल घेऊन मी त्यांच्यापुढं बसलो. पहिलाच प्रश्न टाकला, "आजी, बाबासाहेबांच्या विचारांचा आपल्यावर काय प्रभाव पडला?"

आजी म्हणाल्या, "लई पडला."

झालं! दुसरा प्रश्न, "सत्याग्रहामागची आपली भूमिका काय होती?" आजींनी लेकाकडं बघितलं. लेक बोलायला लागला आणि तासभर तोच बोलला. घरी येऊन ऐकलं तर सगळं भाषण. आजींचे शब्द दोन. दोष त्यांचा नव्हता. माझ्या प्रश्नातच उत्तर बसलेलं होतं, त्यांनी फक्त मान हलवायची होती.

आणि आपल्या माणसांना प्रश्न म्हणजे काय ते चांगलं ठाऊक आहे. "कुणाचा रे तू?" हा पाटलाचा प्रश्न, फौजदाराचा प्रश्न. आज शहरात भाड्यानं खोली बघायला गेलं की तोच "आडनाव काय?" होऊन समोर येतो. जन्मभर ज्यांची उलटतपासणीच झाली, त्यांना वही उघडून बसलेला पोरगा, जयभीम म्हणाला तरी, फौजदारच दिसणार.

मग विचारायचं कसं? बाबासाहेबांकडूनच शिकू. मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या स्थितीची चौकशी करायला सरकारनं १९२८ साली स्टार्ट कमिटी नेमली. बाबासाहेब तिचे सभासद. १९२९ मध्ये खानदेशातलं काम उरकून परतताना, धुळे लाइनवरच्या एका गावातल्या बहिष्काराची माहिती घ्यायला ते चाळीसगावला उतरले. त्या गावी जाऊन पुन्हा चाळीसगाव स्टेशनावर आले. महारवाडा जवळच, तरी तासभर ताटकळावं लागलं. शेवटी टांगा आला. थोडा पुढं गेला तर मोटारीवर आदळता आदळता वाचला. नदीच्या मोरीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडावर फेकले गेले. पाय मोडला.

अपघात म्हणून त्यांनी सोडून दिलं नाही. हे असं झालं कसं, याची चौकशी केली. तेव्हा कळलं, अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला टांगेवाले तयार नव्हते. पाहुण्याला पायी नेणं लोकांना बरं वाटेना. म्हणून टांगा तेवढा भाड्यानं घेतला आणि हाकायला आपल्यातलाच एकजण बसला. त्याला टांगा हाकता येत नव्हता. 'इथं अस्पृश्यता पाळतात का?' असं विचारलं असतं तर हो-नाही एवढंच हाती आलं असतं. एका टांग्याचा माग काढला, तर बॅरिस्टरापेक्षा टांगेवाल्याला वरचा ठरवणारी सगळी व्यवस्था उघडी पडली.

आपल्या बायांचा इतिहासही असाच निघाला. २० जुलै १९४२ ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य महिलांची परिषद झाली. घटस्फोटाच्या हक्काचा ठराव झाला. ठराव कागदावर राहतो. पण परिषदेला आलेली बाई घरातून निघाली कशी, हे तिलाच विचारावं लागतं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायांना गाठून विचारलं, म्हणून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झालं.

मी परत बेव्हर्ली पार्कात गेलो. दुपारची वेळ, लेक बाहेर गेलेला. आजी मेथी निवडत होत्या. वही पिशवीतच ठेवली आणि मीही निवडायला बसलो. मग विचारलं, "आजी, तुम्ही जेलात गेलात त्या दिवशी घरी भाकरी कोणी थापली?"

आजी हसल्या. मग गप्प झाल्या. मीही गप्प बसलो.

"सासूनं," त्या म्हणाल्या. "ती म्हणली, माझं पाय चालंनात, माझ्या वाटचंबी तूच जा. धाकटं काखंला घेतलं. थोरलं मागं ठिवलं. पंधरा दिसांनी आले तर वळखंना मला. सासूच्या मागं दडलं." जुडी संपली. "त्यो थोरला म्हंजे ह्योच. परवा तुझ्याशी बोलत व्हता त्यो."

"त्यांना सांगितलंत हे?"

"त्यानं कधी इचारलंच न्हाई."

मी म्हणालो, "आजी, हे लिहू का?" म्हणाल्या, "लिही बाबा. नाव नगं."

मित्रांनो, १९६४ ला जेलात गेलेली माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. दरवर्षी कमी होताहेत. त्यांच्याकडं जा. भूमिका विचारू नका, तो दिवस विचारा. तारखेचा घोळ झाला तर मध्येच हटकू नका. तारीख कागदात सापडेल, सासूचं बोलणं सापडणार नाही. आणि सुरुवात आपल्याच घरातल्या म्हातारीपासून करा.

जयभीम.