इल द फ्रान्स : एका बेटावरील फ्रेंच वस्ती आणि तिची जमीन

हिंदी महासागरातील मॉरिशस हे बेट 1715 ते 1810 या काळात 'इल द फ्रान्स' या नावाने फ्रेंचांच्या ताब्यात होते, आणि या अवधीत मायदेश सोडून तेथे गेलेल्या अनेक फ्रेंच घराण्यांचे वंशज पुढची दीडशेहून अधिक वर्षांची ब्रिटिश राजवट संपल्यावरही तेथेच राहिले. पैसा मिळवून परतावे या इराद्याने गेलेली माणसे तेथील कायमची रहिवासी कशी झाली, याचे उत्तर हवामानात किंवा निसर्गसौंदर्यात शोधण्याची प्रथा आहे. वस्तुतः ते जमिनीच्या हक्कात आणि त्या हक्काला मिळालेल्या कायद्याच्या संरक्षणात अधिक सापडते.

फ्रेंचांच्या आधी हे बेट डचांकडे होते. 1598 मध्ये त्यांनी त्याला राजपुत्र मॉरिस याचे नाव दिले, जावाहून ऊस आणि हरणे आणली, परंतु वसाहतीचे दोन प्रयत्न फसल्यावर 1710 मध्ये बेट सोडून दिले. सप्टेंबर 1715 मध्ये ग्वीयोम द्युफ्रेन दार्सेल या नाविकाने फ्रान्सच्या राजाच्या नावे ताबा जाहीर केला, तरी प्रत्यक्ष वस्तीला 1721 च्या अखेरीस, शेजारच्या बूर्बों बेटावरून (आजचे रियुनियन) आलेल्या मोजक्या माणसांपासून सुरुवात झाली आणि पुढच्या वर्षी फ्रान्समधून सैनिक, कारागीर व काही कुटुंबे येऊन पोहोचली. हा सर्व कारभार फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीकडे होता, आणि कंपनीचे मुख्य बंदर ब्रिटनी प्रांतातील लोरिआं हे असल्यामुळे आरंभीच्या वसाहतकारांत त्या किनाऱ्यावरील लोकांचा भरणा मोठा होता.

वसाहतकाराला कंपनीकडून जमिनीचा पट्टा मिळे. त्याला 'कॉन्सेसिओं' म्हणत आणि त्याचे मोजमाप आर्पां या मापात होई. हे माप एकराहून किंचित मोठे असून मॉरिशसमध्ये जमिनीचे व्यवहार आजही त्यातच होतात. अवजारे, गुरे आणि गुलाम कंपनी उधारीवर देई, पिकलेला माल तिने ठरवलेल्या भावाने तिलाच विकावा लागे, आणि ठराविक मुदतीत जंगल तोडून जमीन लागवडीखाली आणली नाही तर पट्टा रद्द होऊ शके. त्यामुळे पहिल्या पिढीतील बहुतेक वसाहतकार नावाने जमीनदार असले, तरी व्यवहारात कंपनीचे ऋणको होते.

त्यांच्यापुढील अडचणी उष्णकटिबंधीय बेटाबद्दल युरोपात रूढ झालेल्या रम्य कल्पनेशी मुळीच जुळणाऱ्या नव्हत्या. जहाजांतून आलेले उंदीर धान्य फस्त करीत, टोळधाड उभे पीक खाई, आणि डिसेंबर ते एप्रिल या महिन्यांतील चक्रीवादळे घरे व मळे दोन्ही उद्ध्वस्त करीत. टोळांच्या बंदोबस्तासाठी 1762 च्या सुमारास भारतातून साळुंक्या नेण्यात आल्या आणि त्यांची प्रजा तेथे आजही सर्वत्र दिसते. ताज्या मांसाची गरज भागवण्यासाठी रोद्रिग बेटावरून महाकाय कासवे जहाजे भरभरून आणली जात. इस्पितळातील रुग्णांना आणि लांबच्या सफरीवरील खलाशांना त्यांचेच मांस दिले जाई, आणि हा उपसा इतका अविचाराने चालला की अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या बेटावरील कासवांच्या जाती जवळपास संपुष्टात आल्या. तांदूळ आणि गुरे यांसाठी मात्र मादागास्करवरच विसंबावे लागे.

या अस्थिर वस्तीला आकार दिला तो 1735 ते 1746 या काळात गव्हर्नर असलेल्या माए द ला बूर्दोने याने. सँ-मालो या बंदरात जन्मलेल्या या दर्यावर्दी अधिकाऱ्याने वायव्य किनाऱ्यावरील पोर्ट लुई येथे राजधानी वसवली, गोदी, इस्पितळ आणि पाण्याचा कालवा बांधला, साखरेच्या उत्पादनाला चालना दिली आणि ब्राझीलमधून कसावा, म्हणजे ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो तो, आणून गुलामांच्या रोजच्या अन्नाची सोय केली. त्याच्या बांधकामांवर पाँडिचेरीहून आणलेले गवंडी व सुतार राबत होते, आणि शहराच्या पूर्वेकडील त्यांच्या वस्तीला 'कां दे मालाबार' हे नाव पडले. फ्रेंच शहर म्हणून ज्याचे वर्णन केले जाते त्याच्या पायाभरणीत भारतीय हातांचा वाटा होता, ही गोष्ट ठळकपणे नोंदवली गेली पाहिजे.

त्याहूनही मोठा वाटा गुलामांचा होता, आणि त्याचा उल्लेख ओझरता करून पुढे जाणारा कोणताही इतिहास अपुराच ठरतो. मादागास्कर आणि मोझांबिकच्या किनाऱ्यावरून पकडून आणलेल्या या माणसांवर 1723 च्या राजाज्ञेने मालकांना जवळजवळ निरंकुश सत्ता दिली होती. 1767 मध्ये बेटाच्या सुमारे 19 हजार लोकसंख्येत 15 हजार गुलाम होते. 1797 पर्यंत लोकसंख्या सुमारे 59 हजारांवर गेली तेव्हा गुलामांची संख्या 49 हजारांच्या घरात आणि गोऱ्यांची सहा हजारांच्या आसपास होती. 1768 ते 1770 या काळात येथे अभियंता म्हणून राहिलेला बर्नार्दां द सँ-पिएर याने आपल्या प्रवासवर्णनात या व्यवस्थेचे क्रौर्य उघडपणे मांडले. पुढे 'पॉल आणि व्हर्जिनी' या कादंबरीने हेच बेट निष्पाप प्रेमाची भूमी म्हणून युरोपभर पोहोचवले, आणि वाचकांच्या मनात दुर्दैवाने दुसरे चित्रच टिकले.

कंपनी डबघाईला आल्यावर 1767 मध्ये बेट थेट राजसत्तेखाली आले. त्या वर्षी महसूल व मुलकी कारभाराचा प्रमुख म्हणून आलेल्या पिएर प्वाव्र याने डचांचा मक्ता मोडून मोलुक्का बेटांतून लवंग व जायफळाची रोपे मिळवली, पाँप्लमूस येथील बाग वाढवली आणि 1769 मध्ये प्रत्येक पट्ट्यातील चौथा हिस्सा जंगल म्हणून राखण्याचा नियम केला. हा नियम पुरता पाळला गेला नाही, तरी वृक्षतोडीने पाऊस घटतो या विचारावर आधारलेले इतके जुने सरकारी धोरण जगात विरळाच आढळते.

फ्रेंच राज्यक्रांतीने वसाहतकारांची खरी निष्ठा कशावर होती हे उघड केले. पॅरिसच्या प्रतिनिधी सभेने 1794 मध्ये गुलामगिरी रद्द केली. पण तो निर्णय अमलात आणण्यासाठी 1796 मध्ये आलेल्या दोन प्रतिनिधींना येथील मळेवाल्यांनी काही दिवसांतच परत हाकलून दिले. मायभूमीचा कायदा आणि स्वतःची मालमत्ता यांत निवड करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी मालमत्ता निवडली.

डिसेंबर 1810 मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले. या चढाईच्या सैन्यात भारतातील तिन्ही इलाख्यांच्या पलटणींतील शिपाई होते. शरणागतीच्या तहात मात्र रहिवाशांचा धर्म, कायदे, रूढी आणि मालमत्ता अबाधित ठेवण्याचे वचन देण्यात आले, शिवाय ज्यांना जायचे असेल त्यांना मालमत्तेसह निघून जाण्यास दोन वर्षांची मुदत मिळाली. बहुसंख्य कुटुंबे गेली नाहीत, कारण देश गमावूनही जमीन राखण्याची हमी त्यांच्या हाती होती. 1840 च्या दशकात वरिष्ठ न्यायालयांची भाषा इंग्रजी झाली, परंतु शेवटचा फ्रेंच गव्हर्नर देकाँ याने लागू केलेली नेपोलियनची दिवाणी संहिता चालूच राहिली.

1835 मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा सुमारे 20 लाख पौंडांची भरपाई मालकांना मिळाली, गुलामांना काहीच मिळाले नाही. त्यांच्या जागी भारतातून करारबद्ध मजूर, म्हणजेच गिरमिटिये, येऊ लागले. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही ते गेले, आणि त्यांत रत्नागिरी व आसपासच्या कोकणपट्टीतील मराठी कुटुंबे होती. कासकावेल येथील महाराष्ट्र भवन, गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी आणि झाकरी हे समूहनृत्य ही त्यांच्या वंशजांनी जपलेली ओळख आहे. मळ्यावर एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई, आणि 1867 नंतर करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे.

या अन्यायाविरुद्ध उभा राहिलेला आदोल्फ द प्लेव्हित्झ हा स्वतः पॅरिसमध्ये जन्मलेला आणि सासऱ्यांच्या मळ्याची व्यवस्था पाहणारा गृहस्थ होता. 1871 मध्ये त्याने 9,401 जुन्या मजुरांच्या नावांचा अर्ज गव्हर्नरकडे सादर केला; मळेवाल्यांचा रोष ओढवून घेतला, भर रस्त्यात मारही खाल्ला. या अर्जाचा परिणाम म्हणून शाही चौकशी आयोग नेमला गेला, ज्याचे एक सदस्य मुंबई इलाख्यात सनदी नोकरी केलेले विल्यम फ्रिअर होते, आणि 1875 च्या अहवालाने अर्जदारांच्या तक्रारी मोठ्या प्रमाणात खऱ्या ठरवल्या. स्थलांतरित फ्रेंच माणसांच्या या इतिहासात सर्वाधिक आदर ज्याला द्यावा असा हा माणूस आहे.

साखरेचे भाव घसरल्यावर, 1880 च्या दशकापासून, मळेवाल्यांनी हलक्या प्रतीच्या जमिनीचे तुकडे पाडून विकले, आणि त्या 'मोर्सेलमां'मधून गिरमिटियांच्या अनेक कुटुंबांना प्रथमच स्वतःची शेती मिळाली. उत्तम जमीन बव्हंशी जुन्या घराण्यांकडे व त्यांच्या कंपन्यांकडेच राहिली. किनाऱ्याची पट्टी तेवढी या मालकीबाहेर होती. देकाँने 1807 मध्ये संरक्षणासाठी भरतीरेषेपासून सुमारे 81 मीटर रुंदीचा पट्टा सरकारी ठरवला. त्याला 'पा जेओमेत्रिक' म्हणतात, आणि 1968 च्या स्वातंत्र्यानंतरही तो नियम कायम असल्यामुळे समुद्रकाठची हॉटेले व बंगले सरकारी भाडेपट्ट्याच्या जागेवर उभे आहेत. 2002 च्या निवासी योजनेने परदेशी नागरिकांना ठराविक प्रकल्पांत घर विकत घेण्याची मुभा दिली तेव्हा फ्रान्समधून पुन्हा कुटुंबे येऊ लागली. त्यांना मिळणारी घरे बऱ्याच ठिकाणी जुन्या ऊसमळ्यांच्या जमिनीवर बांधलेली असतात आणि त्यांची खरेदीखते फ्रेंच दिवाणी संहितेच्याच परंपरेतला नोटरी तयार करतो.