पडदे ओढून पाहिलेले सिनेमे

हुकूमशाहीचा इतिहास आपण बहुधा तुरुंग, फाशी, रणगाडे आणि जाहीरनामे यांच्या आधारे लिहितो. ते चुकीचे नाही. पण हुकूमशाहीत जगणारा सामान्य माणूस रोज सकाळी उठून तुरुंगात जात नाही. तो पावाच्या रांगेत उभा राहतो, कामावर जातो, शेजाऱ्याशी मोजूनमापून बोलतो आणि रात्री घरी येऊन दाराला आतून कडी लावतो. त्या बंद दारामागे तो काय करतो, हे कळल्याशिवाय त्या राजवटीचा इतिहास पुरा होत नाही. ऐंशीच्या दशकात रुमानियातल्या अशा हजारो बंद दारांमागे लोक चोरून आणलेले परदेशी सिनेमे पाहत होते. वरवर किरकोळ वाटणारी ही गोष्ट. आम्हांला मात्र तिच्यात त्या काळाची नाडी सापडते.

निकोलाय चाउसेस्कू १९६५ साली रुमानियाच्या कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख झाला. सुरुवातीला त्याच्याविषयी देशात आणि देशाबाहेरही कौतुक होते. १९६८ साली सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या तेव्हा त्याने उघड निषेध केला आणि पाश्चात्त्य देशांना तो आपला माणूस वाटू लागला. पण १९७१ साली चीन आणि उत्तर कोरियाचा दौरा करून तो परतला तो वेगळेच स्वप्न घेऊन. साहित्य, नाटक, सिनेमा, सगळ्यांनी पक्षाचीच भाषा बोलावी, असे त्याने त्याच वर्षी जुलैमध्ये जाहीर केले. तरीही सत्तरच्या दशकात रुमानियन दूरदर्शनवर थोड्याफार अमेरिकन मालिका दिसत होत्या. ‘डलास’सारखी मालिकाही तिथे दाखवली गेली. म्हणजे लोकांना बाहेरचे जग अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. त्यांना ते दाखवले गेले आणि नंतर काढून घेतले गेले. कधीच न मिळालेल्या वस्तूपेक्षा मिळून हिरावलेली वस्तू माणसाला जास्त छळते.

हिरावण्याला कारण झाले कर्ज. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला रुमानियावर सुमारे १० अब्ज डॉलरचे परदेशी कर्ज होते. ते पै-पैने फेडायचे, असा हट्ट चाउसेस्कूने धरला. देशात पिकणारे धान्य, मांस, फळे निर्यात होऊ लागली. पाव, साखर, तेल रेशनवर गेले. दुकानांतल्या फळ्या रिकाम्या पडल्या. संध्याकाळी वीज जाई. ऐन हिवाळ्यात घरे गरम ठेवणारी यंत्रणा अर्धवट चाले आणि लोक घरातही कोट घालून बसत. त्याच काळात, १९८४ पासून, बुखारेस्टमध्ये जुन्या वस्त्या पाडून मोकळ्या केलेल्या जागेवर हुकूमशहाचा अवाढव्य प्रासाद उभा राहत होता. त्याचे नाव होते ‘जनतेचे घर’. जनता अंधारात रांगेत उभी होती.

राजवटीची नजर घराच्या उंबऱ्याशी थांबत नव्हती. गर्भपातावर १९६६ पासून बंदी होती आणि पुढे कामाच्या ठिकाणी बायकांची सक्तीने तपासणी होऊ लागली. १९८३ साली टाइपरायटरची नोंद पोलिसांकडे करण्याचा हुकूम निघाला, म्हणजे लिहिण्याचे यंत्रही संशयित ठरले. ‘सेक्युरिताते’ या गुप्त पोलिसांचे खबरे कारखान्यात, कॉलेजात, इमारतीच्या जिन्यावर सगळीकडे होते. शेजारी खबऱ्या आहे की नाही, हे कोणालाच ठामपणे सांगता येत नसे. या राजवटीचे खरे बळ बंदुकीपेक्षा या संशयात होते. प्रत्येक माणूस एकेकटा पडला, की त्याला वेगळा तुरुंग लागत नाही.

दूरदर्शनचीही अशीच छाटणी झाली. १९८५ साली दुसरी वाहिनी बंद झाली. उरलेली एक वाहिनी कामाच्या दिवशी रात्री सुमारे दोन तास चाले. त्यातला मोठा हिस्सा चाउसेस्कू आणि त्याची बायको एलेना यांच्या भेटीगाठी, भाषणे आणि स्तुतिगीते यांनी भरलेला असे. अनेकांनी गच्चीवरचे अँटेना फिरवले. बुखारेस्टच्या लोकांनी ते दक्षिणेकडे वळवून बल्गेरियाची वाहिनी पकडली, तर पश्चिमेकडच्या गावांनी युगोस्लाव्हियाची आणि हंगेरीची. शेजारच्या देशातला सिनेमा समजावा म्हणून लोक त्याची भाषा शिकले. बल्गेरियाही कम्युनिस्टच होता. कोरडा घसा पाणी कुठल्या विहिरीचे, हे विचारत बसत नाही.

याच सुमारास व्हीएचएस कॅसेट आली. तेओदोर झम्फिर नावाच्या माणसाने सीमेवरच्या अधिकाऱ्यांचे हात ओले करून पश्चिमेकडून सिनेमाच्या कॅसेटी आणायला सुरुवात केली. त्यांच्या प्रती काढण्यासाठी त्याने व्हिडिओ यंत्रांची रांगच मांडली. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत असे करत त्या देशभर पसरल्या. दूरच्या गावात पोहोचेपर्यंत चित्र पुसट होई, रंग उडून जात, पडद्यावर पट्टे नाचत. तरी माणसे डोळे ताणून पाहत.

प्रश्न भाषेचा होता. रुमानियात परदेशी सिनेमे अक्षरपट्टीसह दाखवण्याची रीत होती, पण चोरीच्या धंद्यात तेवढी सवड कुठली? झम्फिरने सरकारी दूरदर्शनवरच अनुवादक म्हणून नोकरी करणाऱ्या इरिना मार्गारेता निस्तोर या बाईंना गाठले. जिथे परदेशी चित्रपट सेन्सॉरच्या कात्रीखाली जात, त्याच ठिकाणी त्यांची नोकरी होती. दिवसा ही नोकरी करायची आणि नंतर झम्फिरच्या घरी कानाला हेडफोन लावून मायक्रोफोनपुढे बसायचे. समोर सिनेमा सुरू होई आणि त्या पाहता पाहताच रुमानियन भाषेत बोलत जात. नायक, नायिका, खलनायक, म्हातारा, पोर, सगळ्यांचा आवाज एकच. १९८५ च्या सुमारास सुरू झालेल्या या कामात १९८९ पर्यंत त्यांनी तीन हजारांहून अधिक सिनेमे बोलून काढले. चक नॉरिस, सिल्व्हेस्टर स्टॅलोन, ब्रूस ली, सगळे या एकाच बाईच्या आवाजात बोलले. पडद्यावरच्या शिव्या मात्र त्या सौम्य करत. कोणी कितीही घाण बोलला, तरी रुमानियन प्रेक्षकाला साधेसेच काहीतरी ऐकू येई. लोकांनी त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता. त्या कशा दिसत असतील, याच्या कल्पना घरोघर लढवल्या जात. चाउसेस्कूच्या खालोखाल देशात सर्वांत ओळखीचा आवाज त्यांचाच होता, असे त्या पिढीचे लोक सांगतात. फरक एवढाच, की एक आवाज लोकांवर लादलेला होता आणि दुसरा त्यांनी पैसे मोजून, धोका पत्करून घरात आणला होता.

व्हिडिओ यंत्र महाग होते. त्याची किंमत जवळजवळ ‘दाचिया’ मोटारीइतकी होती, असे अनेकांच्या आठवणींत येते. म्हणून ज्याच्याकडे ते असे, त्याच्या घरी सगळे जमत. प्रत्येकाने थोडे पैसे द्यायचे. पडदे ओढायचे, दार लावायचे. दोन खोल्यांच्या घरात वीस-तीस माणसे, आणि एका रात्रीत तीन-चार सिनेमे. ऐंशीच्या दशकात आपल्याकडेही मोहल्ल्यामोहल्ल्यांत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणला जाई आणि पहाटेपर्यंत सिनेमे चालत. आपल्याला ती मौज होती, उघड्या अंगणातली. त्यांच्याकडे जिन्यावर पाऊल वाजले की आवाज बारीक करावा लागे. छापा पडला तर यंत्र जाई, कॅसेटी जात आणि चौकशीचा ससेमिरा मागे लागे.

आता प्रश्न येतो, की या माणसांनी त्या सिनेमांत पाहिले काय? राजकीय सिनेमे त्यात फार नव्हतेच. बहुतेक मारधाडीचे, प्रेमाचे, विनोदी. आपण ज्यांना गल्लाभरू म्हणून नाक मुरडतो तसले. पण त्या काळच्या आठवणींत लोक कथानकापेक्षा भलत्याच गोष्टी सांगतात. नायिकेने फ्रिज उघडला तेव्हा तो भरलेला होता. दुकानात फळ्यांवर माल होता आणि समोर रांग नव्हती. रस्त्यावर रात्री दिवे होते. नायकाने पोलीस अधिकाऱ्याला उलट उत्तर दिले आणि तरीही तो घरी परतला. ‘रॉकी’ पाहून कोणी पहाटे उठून धावू लागला. ज्या गोष्टी दिग्दर्शकाने सहज, विचार न करता मागे ठेवल्या होत्या, त्याच इथे सिनेमाचा आशय ठरल्या. पक्ष सांगत होता, की भांडवलशाही देशांत माणूस उपाशी मरतो. एका उघड्या फ्रिजने त्या प्रचाराला जे उत्तर दिले, ते कुठल्या पत्रकाला देता आले नसते.

एक गोष्ट आपल्याला जवळची. परदेशी सिनेमा म्हणून भारतीय सिनेमाला रुमानियात उघड प्रवेश होता. राज कपूरचा ‘आवारा’ तिथे गाजला आणि ‘एक फूल दो माली’ने तर लोकांना वेड लावले. नार्घिता नावाची रुमानियन गायिका हिंदी गाणी गाऊन देशभर प्रसिद्ध झाली. मुंबईच्या सिनेमातली गरिबी, आईची माया आणि शेवटी मिळणारा न्याय यांत राज्यकर्त्यांना धोका दिसला नाही. प्रेक्षक मात्र सरकारमान्य थिएटरात मनसोक्त रडून घेत होते. रडायलाही निमित्त लागते, आणि स्वतःच्या दुःखावर उघड रडण्याची तिथे मुभा नव्हती.

राजवटीला हे चोरटे सिनेमे ठाऊक नव्हते, असे मानणे भाबडेपणाचे होईल. अधिकाऱ्यांच्या घरीही याच कॅसेटी जात होत्या. काहींच्या मते सरकारने ही वाफ मुद्दाम जाऊ दिली, तर काहींच्या मते भ्रष्टाचारानेच सरकारचे हात बांधले होते. आम्हांला वाटते, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. ज्या व्यवस्थेत सगळेच चोरून जगतात, तिथे पहारेकरीही गिऱ्हाईक होतो.

१९८९ च्या एप्रिलमध्ये सगळे कर्ज फिटल्याची घोषणा झाली. रांगा मात्र हटल्या नाहीत. डिसेंबरच्या मध्यास तिमिशोआरा शहरात एका धर्मगुरूला घराबाहेर काढण्याविरुद्ध लोक जमले आणि १७ तारखेला जमावावर गोळ्या चालल्या. २१ तारखेला बुखारेस्टच्या सभेत चाउसेस्कू बोलत असताना लोकांनी हुर्यो उडवली आणि ते दूरदर्शनवर थेट दिसले. काही क्षण पडदा कोरा झाला, पण दिसायचे ते दिसून गेले होते. दुसऱ्या दिवशी तो हेलिकॉप्टरने पळाला आणि २५ डिसेंबरला त्याला व एलेनाला गोळ्या घालण्यात आल्या. या उठावात हजाराहून अधिक माणसे मेली. ज्या वाहिनीला दोन तास दिले होते, ती आता लोकांच्या ताब्यात येऊन रात्रंदिवस चालू लागली.

हे सगळे सिनेमांनी घडवले काय? २०१५ साली इलिंका कालुगारेआनु या दिग्दर्शिकेने या विषयावर ‘चक नॉरिस विरुद्ध साम्यवाद’ नावाचा माहितीपट काढला. नाव गमतीचे आहे, पण त्यावरून हुकूमशहाला चक नॉरिसने पाडले असा निष्कर्ष कोणी काढू नये. राजवट पाडली ती भुकेने, थंडीने, शेजारच्या देशांतल्या बदलांनी आणि गोळ्यांपुढे उभ्या राहिलेल्या माणसांनी. पडद्यावरचे ते भरलेले फ्रिजही काही संपूर्ण सत्य नव्हते. पुढे पश्चिमेकडे मजुरीला गेलेल्या लाखो रुमानियनांना त्याची किंमत नीट कळली.

तरीही त्या खोल्यांचे मोल आम्हांला मोठे वाटते, आणि ते पडद्यावरच्या चित्रांपेक्षा पडद्यासमोर बसलेल्या माणसांमुळे. ज्या देशात भावाने भावाजवळ बोलताना विचार करावा, तिथे वीस माणसे एका खोलीत बसून एकच गुपित सांभाळत होती. त्यांच्यात एखादा खबऱ्या असेलही. पण बाकीच्यांनी एकमेकांवर विश्वास टाकण्याची जोखीम घेतली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा घेतली. दहशतीचे राज्य माणसामाणसांतला हा धागा आधी तोडते. तो कोणी कवितेने जोडला, कोणी प्रार्थनेने. रुमानियातल्या साध्या माणसांनी तो पट्टे नाचणाऱ्या पडद्यासमोर, एका अनोळखी बाईचा आवाज ऐकत जोडला. इतिहासाच्या पुस्तकात अशा माणसांची नावे येत नाहीत. निदान त्यांच्या बंद दारांची नोंद तरी व्हावी.