वऱ्हाडच्या गिरण्या: नाव शेठजींचे, घाम कोणाचा?

अकोल्याची सावतराम मिल, तिथलीच मोहता मिल, बडनेऱ्याची गिरणी, अचलपूरची विदर्भ मिल. वऱ्हाडातल्या गिरण्यांवर कुठेही चार ओळी छापून आल्या की त्यात मालकांची नावे असतात, भांडवल असते, यंत्रे असतात. कामगार मात्र 'मजूर' या एका शब्दात उरकला जातो. त्या शब्दाआड आपले आजोबा-पणजोबा उभे आहेत आणि जिनात सरकी-रुई उपसणाऱ्या आपल्या आज्याही. हा इतिहास आपणच लिहायला हवा, कारण दुसरे कोणी लिहिणार नाही.

सुरुवात गिरणीच्याही आधीपासून करावी लागते. पूर्वाश्रमीचा महार म्हटले की गावकी, येसकरकी, मेलेली ढोरे ओढणे एवढेच आपल्याला शिकवले गेले. पण नागपूर-वऱ्हाड भागातला महार विणकरही होता. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातीजमातींवरचा ग्रंथ १९१६ साली निघाला, त्यात जाडेभरडे कापड विणणे हा या समाजाचा धंदा म्हणून नोंदवला आहे. म्हणजे आपल्या हातात माग होता. गावच्या शेतकऱ्याच्या अंगावरचे कापड आपल्या वस्तीत विणले जात होते. त्या कापडाचा विटाळ मात्र कोणाला होत नव्हता!

मग हा माग गेला कुठे? १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या मालकांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर पडली. त्याच दशकात मुंबईहून रेल्वे अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. खामगावचा कापूस बाजार एवढा वाढला की १८७० साली तिथल्या रेल्वे फाट्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. रिव्हेट-कर्नाक नावाचा कापूस आयुक्त होता. त्याचा हिशेब सरळ होता: रेल्वेने स्वस्त विलायती कापड आत आणायचे, म्हणजे इथला विणकर माग सोडून शेतमजूर होईल आणि कापूस पिकवायला हात वाढतील. तसेच घडले. रेल्वेने कापूस बाहेर नेला आणि जाडेभरडे विणणाऱ्याचे गिऱ्हाईक तोडले. आपण भूमिहीन मजूर आहोत ते काही अनादी काळापासून नाही. त्यातला मोठा भाग गेल्या दीडशे वर्षांतला आहे, आणि तो घडवून आणला गेला.

माग गेलेल्या या माणसांना आधी जिन-प्रेसने आणि मग गिरणीने ओढले. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. पुढे हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अकोला, अचलपूर अशा छोट्या गावांत चिमण्या उभ्या राहिल्या. ही काही मुंबई नव्हती. एका गिरणीवर अख्खे गाव चालायचे. भोंगा वाजला की चूल पेटायची, पगाराच्या दिवशी बाजार भरायचा. अचलपूरला तर मूर्तिजापूरहून येणारी अरुंद रुळांची शकुंतला आणि गिरणी या दोनच गोष्टींनी बाहेरचे जग जोडलेले होते.

गिरणीने आपल्याला काय दिले हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. गावात बलुते होते. कोणी मनाला येईल तेव्हा, मनाला येईल तेवढे, वरून टाकायचे. गिरणीत रोख मजुरी होती, ठरलेल्या तारखेला. गावात चोवीस तास महारकी होती, तर गिरणीत पाळी संपली की माणूस स्वतःचा. हातात रोकड आली म्हणून पोराला शाळेत घालता आले आणि सभेसाठी वर्गणी देता आली. कामगार वस्तीत माणसे एकत्र राहत होती, म्हणून रात्री वर्तमानपत्र मोठ्याने वाचता आले. पाटलाच्या जमिनीवर जगणाऱ्याला हे परवडत नव्हते.

पण जात फाटकाबाहेर थांबली नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, घेत नसत. कारण धोट्यातला सुताचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगाराला त्या धोट्याचा विटाळ होई. जास्त पगार याच खात्यात होता. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न थेट संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला, तेव्हा कुठे ही मागणी त्यांनी नाइलाजाने यादीत घेतली. मालकांनी सांगितले, हा अन्याय आहे खरा, पण तो आमचा नाही. खरेही होते ते. बंदी घालणारा मालक नव्हता, शेजारच्या साच्यावरचा 'कॉम्रेड' होता. आमच्या भागात या रिवाजाचा अर्थ आणखी बोचतो. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या धोटा चालवला, त्याच समाजाच्या हातून धोटा विटाळतो असे ठरले.

म्हणून १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांसमोर बाबासाहेब ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे म्हणाले, त्यामागे असा अनुभव होता. मनमाडचा रूळ पुढे अकोल्याला, बडनेऱ्यालाच येतो. वऱ्हाडची जमीनही तयार होती. त्याआधीच, १३ नोव्हेंबर १९२७ रोजी, अमरावतीला अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेबच होते.

एक गोष्ट आपल्याच कार्यकर्त्यांना सांगायची आहे. 'बाबासाहेबांनी चौदा तासांचे आठ तास केले' असे आपण भाषणात ठोकून देतो. खरे तपशील याहून भक्कम आहेत. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तास होते, आणि हंगामी कारखान्यात ६०. बाबासाहेब मजूरमंत्री असताना आणलेल्या दुरुस्तीने १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांचे ५४ चे ४८ झाले. आणि वऱ्हाडातले जिन-प्रेस? ते 'हंगामी' होते. दिवाळीनंतर धुरळा खात राबणारी आपली बाई त्या जास्त तासांच्या वर्गात पडत होती. हंगामी-बारमाही हा भेद १९४८ च्या कायद्याने गेला. विरोधक आपली चूक शोधतच असतात, त्यांना ती हातात देऊ नका.

पुढे १९७४ च्या कायद्याने देशातल्या १०३ आजारी गिरण्या सरकारने घेतल्या. अकोल्याच्या आणि अचलपूरच्या गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या. आपल्यासाठी याचा अर्थ फक्त पगाराची हमी नव्हता. सरकारी उपक्रम म्हणजे भरतीत आरक्षण. पण यंत्रे जुनीच राहिली, आणि मग स्वेच्छानिवृत्तीच्या नावाने माणसे घरी बसवली गेली. अचलपूरला मुंबईच्या फिनले मिलचे नाव घेऊन नवी गिरणी उभी राहिली तेव्हा गावाला पुन्हा आशा वाटली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाच्या देशभरातल्या चालू २३ गिरण्या बंद झाल्या, त्यात फिनलेही. टाळेबंदी उठली, पण गिरणी उठली नाही.

इथे आपल्या चळवळीलाही प्रश्न विचारला पाहिजे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, लाखो माणसे रस्त्यावर आणली. गिरणीसाठी तसे काही उभे राहिले नाही. तो प्रश्न आपण लाल झेंड्यावर सोडला, आणि लाल झेंड्याला साचेखात्यातली जात कधी नीट दिसली नाही.

आता २० सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी वर्ध्याहून अमरावतीच्या पीएम मित्र पार्कची पायाभरणी केली. नांदगाव पेठेजवळ सुमारे १,००० एकर जमीन, वस्त्रोद्योग, रोजगाराची मोठमोठी आश्वासने. जमीन सार्वजनिक, रस्ते-पाणी सार्वजनिक, कारखाने मात्र खासगी, आणि खासगी कारखान्याला आरक्षण लागू नाही. त्यात ठेकेदाराकडून माणसे घेतली की ना कायम नोकरी, ना संघटना. फिनलेच्या फाटकाला कुलूप लावणारे सरकार तेच आहे, आणि पार्कचा फलक लावणारेही तेच.

पार्कात भरती सुरू होईल तेव्हा कोणत्या खात्यात कोण घेतले, कायम किती आणि ठेक्यावर किती, हे माहितीच्या अधिकारात मागायला आपल्या तालुका शाखांनी आतापासून तयारी ठेवावी. आणि ज्यांच्या घरी आजोबांचा गिरणीचा बिल्ला, पगाराची चिठ्ठी किंवा फंडाचा कागद ट्रंकेत पडला आहे, त्यांनी तो फेकू नये. कोणत्या खात्यात काम होते ते त्यावर लिहिलेले असते.