हिप्परग्याची शाळा आणि लोकसभा

समाजकार्य करणाऱ्या तरुणांना निवडणुकीसाठी तयार करणारी शिबिरे आज ठिकठिकाणी भरतात. अर्ज कसा भरावा, भाषण कसे करावे, हे तेथे शिकविले जाते. परंतु एवढ्याने लोकप्रतिनिधी घडतो काय? मराठवाड्याच्या इतिहासात आम्ही या प्रश्नाचे उत्तर शोधू पाहतो.

1957 साली स्वामी रामानंद तीर्थ औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर, मतदारसंघातून लोकसभेवर गेले. तत्पूर्वी 1952 साली गुलबर्ग्याने त्यांना निवडून दिले होते. मात्र त्यांची घडण सुरू झाली तेव्हा अशी निवडणूक दृष्टिपथातही नव्हती. पूर्वाश्रमीचे हे व्यंकटेश खेडगीकर प्रथम ना. म. जोशी यांच्यासमवेत कामगार चळवळीत वावरले. 1929 साली ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक झाले. 1932 साली त्यांनी संन्यास घेतला आणि पुढे अंबाजोगाईच्या शाळेची धुरा वाहिली. निजामी राजवटीत जाहीर सभेलाही सरकारी परवानगी लागे. अशा काळात शाळा हेच कार्यकर्ते घडविण्याचे स्थान ठरले. शिकविता शिकविता स्वामीजींना खेड्यातील माणसाचे दैन्य जवळून उमगले. 1937 साली परतूरला महाराष्ट्र परिषद भरली. 1938 साली स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली, तेव्हा त्यांनी सत्याग्रह करून तुरुंगवास पत्करला. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान मुक्त झाले. मते मागण्याची वेळ आली तेव्हा त्यांची ओळख करून द्यावी लागली नाही.

त्यांचे सहकारी गोविंदभाई श्रॉफ यांनी निराळी वाट धरली. सत्तापदापासून दूर राहून त्यांनी सरस्वती भुवन शिक्षणसंस्था सांभाळली व मराठवाडा जनता विकास परिषदेद्वारे राज्यकर्त्यांना विकासाचा जाब विचारला. सेवेतून तयार झालेल्या प्रत्येकाने पद घ्यावेच, असे नाही, हेही त्यांच्याकडून शिकावे.

1993 साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात 2011 पासून ते प्रमाण निम्म्यावर गेले. जागा मिळाली, तयारी मात्र अनेकींच्या वाट्यास आली नाही, म्हणून काही ठिकाणी कारभार पतीच पाहतो. बचत गटाचा हिशेब लिहिणारी, ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न मांडणारी भगिनी हीच उद्याची सरपंच होय. तिला आजच अंदाजपत्रक वाचावयास शिकविले पाहिजे. आपल्या घरातून ग्रामसभेला कोण जाते, हे आपण प्रथम पाहू या.