अर्ध्या तासाची व्याख्या

समजा, तुम्ही पट्टीचे सायकलस्वार आहात. मग मुलांचा गट डोंगरात न्याल? ब्रिटनचे नियम आधी विचारतात, मदत किती लांब आहे?

मार्च १९९३. लाइम बेच्या समुद्रात कयाक चालवताना प्लिमथचे चार विद्यार्थी दगावले. १९९५ मध्ये संसदेने कायदा केला आणि १८ वर्षांखालच्या मुलांना पैसे घेऊन अशा साहसी उपक्रमांना नेणाऱ्यांना परवाना सक्तीचा झाला. अपघात समुद्रातला, पण नियमांत डोंगरातली सायकलही आली. अट अशी: जागा माळरान किंवा ६०० मीटरहून उंच हवी आणि तिथून रस्ता किंवा निवारा चालत ३० मिनिटांहून लांब हवा.

म्हणजे मोजलं काय? वेग नाही, अंतर! संशोधनात व्याख्या वाचायचा कंटाळा करू नका. कधी कधी तिच्यामागे कुणाचा तरी जीव गेलेला असतो.