भुताची सवारी आणि मसूरची बैलगाडी

अंगावर कॅमेरा बांधून दऱ्याखोऱ्यांतून धावणाऱ्याची चित्रफीत पाहताना धावणारा दिसत नाही. दिसते ती फक्त समोरून अंगावर येणारी वाट. गोप्रो कंपनीचा मनगटी कॅमेरा २००४ सालचा, म्हणून ही दृष्टीही आजचीच मानली जाते. वस्तुस्थिती तशी नाही. १८९६ मध्ये ल्यूमिएर बंधूंच्या प्रोमिओने व्हेनिसमध्ये कॅमेरा नावेत ठेवला. १८९७ मध्ये अमेरिकेत तो थेट इंजिनाच्या पुढे बसला आणि हॅव्हरस्ट्रॉच्या बोगद्यातून गेला. इंजिन नाही, चालक नाही. पडद्यावर नुसते रूळ गिळले जातात. इंग्लंडमध्ये अशा चित्रपटांना 'फँटम राइड' म्हणत, म्हणजे भुताची सवारी. नाव नेमके आहे. ज्याला देहच नाही त्याला कोण अडवणार?

१८९९ मध्ये असाच एक कॅमेरा गंगेवरून नावेतून फिरला. चित्रपटाचे नाव 'पॅनोरमा ऑफ कलकत्ता', घाट मात्र काशीचे! कोणत्या गावात आहोत याची फिकीर त्या डोळ्याला नव्हती. मग कोणत्या घाटावर कोणाला मज्जाव आहे हे त्याला कुठून दिसणार?

त्याच सुमारास, १९०१ मध्ये, साताऱ्याहून निघालेली काही मुले मसूर स्टेशनावर उतरली. त्यांत बालवयातले बाबासाहेब होते. जात कळताच एकही गाडीवान त्यांना घेईना. अखेर दुप्पट भाडे ठरले आणि कासरा मुलांच्या हाती आला. गाडीवान पायी चालणार होता. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी हा प्रवास लिहिला आहे. तोही प्रथमपुरुषीच आहे, समोर वाट आहे, बैल आहेत. परंतु इथे वाटेच्या आधी वाटसरूचा देह दिसतो. नाक्यावर पाणी मागावे लागते आणि ते मिळत नाही. वेगाचे सुख हे देह विसरण्याचे सुख आहे, आणि ती मुभा सर्वांना नव्हती, एवढे चित्रपटाच्या इतिहासकारांनी नोंदवायला हवे होते.

१९२९ मध्ये, सरकारी समितीचे सभासद झाल्यावरही, चाळीसगावात तेच घडले. टांगेवाल्यांनी टांगा दिला, हाकणारा दिला नाही. पाहुण्याने पायी येणे वस्तीला कमीपणाचे वाटले, म्हणून कधी टांगा न हाकलेला आपलाच एक माणूस लोकांनी पुढे बसवला. पुलावरच्या दगडांत चाक अडकले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत गेले.